पस्तिसावा गुण

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मी, श्रीमती वच्छला इंद्रभान पडघान, वय एकाहत्तर वर्षे, सेवानिवृत्त शिक्षिका, विषय इंग्रजी, मूळ गाव इंझोरी, हल्ली राहणार मालेगाव, जिल्हा वाशीम.

माझे गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्या दाखल्यात डॉक्टरांनी केलेली इंग्रजीची एक चूक मी लाल शाईने दुरुस्त केली आहे, यावरूनही डोके जागेवर असल्याची खात्री पटावी. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाच्या भीतीने तर मुळीच नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी कच्चा मसुदा वाचून सांगितले की बाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, राग लिहीत नाहीत. मी त्यांना म्हटले, राग हीसुद्धा माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे, वडिलोपार्जित नाही. तिची विल्हेवाट मीच लावणार. त्यांनी चष्मा काढून पुसला.

१. मालेगावात वाशीम रस्त्याला लागून असलेले घर मी आणि माझे पती इंद्रभान, एसटीच्या आगारातले मेकॅनिक, यांनी दोघांच्या पगारातून बांधले. इंद्रभान नऊ वर्षांपूर्वी वारले. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझा मुलगा प्रसेनजित आणि मुलगी पौर्णिमा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. अंगणातला कडुलिंब कोणाच्याही वाटणीत नाही, त्याला हात लावायचा नाही. समोरच्या मोठ्या खोलीविषयी कलम सहामध्ये लिहिले आहे. प्रसेनजितने मधली पाने ओलांडून तिथे उडी मारू नये. शाळेतही तो धडा न वाचता खालची उत्तरे शोधायचा.

२. बँकेत जे काही निघेल ते दोन्ही मुलांचे. दागिने पौर्णिमाचे. ती वाशीमला परिचारिका आहे आणि दर रविवारी येऊन माझ्या गोळ्या मोजते. प्रसेनजित पुण्याला आहे आणि दर रविवारी फोन करून पौर्णिमा आली का ते विचारतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पौर्णिमाने करावी.

३. इंद्रभान यांची पान्यांची पेटी मोटारसायकल दुरुस्तीवाले गुलाबसिंग यांना द्यावी. नट पुरता आवळला की नाही हे इंद्रभानला हाताआधी कानाला कळायचे. मी मुलांच्या वह्या तपासत बसले की ते म्हणायचे, "तुया इंग्रजीचंही तसंच दिसते, वच्छला. आवाज आयकला का समजते, कुठं किती आवळाचं." बी.एड.च्या अख्ख्या वर्षात मला हे इतक्या सोप्या भाषेत कोणी सांगितले नव्हते.

४. ते काय म्हणत होते ते इथे लिहून ठेवते, कारण माझी खरी इस्टेट तीच आहे. इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ करताना शेवटी ईडी लावतात, हे सगळ्यांना माहीत असते. पण शब्द आखूड असेल, शेवटी एकच स्वर आणि त्याच्यानंतर एकच व्यंजन असेल, तर ते व्यंजन आधी दोनदा लिहावे लागते. स्टॉपला दोन पी, प्लॅनला दोन एन. शब्द लांब असेल तर जोर कुठे पडतो ते ऐकायचे. ऍडमिटचा जोर शेवटी, म्हणून दोन टी. व्हिजिटचा जोर सुरुवातीला, म्हणून टी एकच. संपले. एवढ्यासाठी अख्खा तालुका मला मागून डबलबाई म्हणतो. मला ते नाव मान्य आहे.

मान्य नाही ते प्रसेनजितचे म्हणणे. तो सांगतो, "आई, आता फोनच स्पेलिंग दुरुस्त करते. कोण शिकून राह्यलं हे?" ज्या बाईने तीन पिढ्यांना दोन एन शिकवले, तिच्या पोटचा मुलगा मला एका एनने प्लॅन्ड लिहून पाठवतो आणि फोनही ते दुरुस्त करत नाही! फोनला जोर ऐकू येत नाही. फोन परीक्षेला बसत नाही. आणि नापास झाला म्हणून फोनचे कोणी लग्न लावून देत नाही. हे शेवटचे वाक्य मी उगाच लिहिलेले नाही.

५. आता राग.

एका अनुदानित शाळेत मी एकतीस वर्षे नोकरी केली. शाळेचे नाव लिहीत नाही, दोष भिंतींचा नव्हता. रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापक जगदेवराव यांनी माझ्या आडनावाकडे पाहिले आणि विचारले, "बाई, शिवणाचा तास घेता का? इंग्रजी जड जाईन तुमाले." माझे आईवडील छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर अक्षर ओळखायला शिकले. वडील दुसऱ्याच्या शेतात राबून संध्याकाळी माझ्या पाटीवरची एबीसीडी बोटाने गिरवायचे. मी जगदेवरावांना इंग्रजीत उत्तर दिले. ते त्यांना किती समजले हे मला आजतागायत ठाऊक नाही, पण इंग्रजीचा तास मिळाला.

एप्रिल १९९८. नववीची वार्षिक परीक्षा. उत्तीर्ण व्हायला पस्तीस गुण लागत. दोन मुलांना माझ्याकडून चौतीस पडले. एक हरीओम, संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा. दुसरी संगीता, तांड्यावरच्या भाऊसिंग राठोड यांची मुलगी; आईबाप दोघेही मजुरीला. दोघांनी त्याच दोन शब्दांत व्यंजन एकदाच लिहिले होते. प्रत्येकी अर्धा अर्धा गुण मी कापला होता.

जगदेवरावांनी मला बोलावले. "बाई, एका अक्षरानं काय आभाळ कोसळते का? वाढवा एक." मी नाही म्हटले. त्यांनी माझ्याच हातातला लाल पेन घेतला आणि माझ्या देखत हरीओमचे चौतीसचे पस्तीस केले. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले, ते विसरता आले. माझ्याच पेनाने केलेली ती खाडाखोड विसरता येत नाही. जगदेवराव हयात आहेत. त्यांना माझ्यातर्फे लाल पेनांचा एक नवा डबा द्यावा आणि सांगावे की पुढच्या वेळी स्वतःचा वापरा.

मी वाशीमला शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. पुरावा म्हणून दोघांच्या उत्तरपत्रिका जपून ठेवल्या. दोन वर्षांनी कागद आला की प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले आहे, म्हणजे फाइल बंद. त्याआधीच माझी इंग्रजी काढून घेऊन मला पाचवीचा कार्यानुभव आणि वाचनालयाची किल्ली देण्यात आली होती. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, मी पोरांकडून कागदाची फुले करून घेतली. हरीओम आज त्याच संस्थेचा अध्यक्ष आहे आणि पंधरा ऑगस्टला माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. त्याची उत्तरपत्रिका काचेची चौकट करून त्याला द्यावी. तेव्हा तो पोर होता, चूक त्याची नव्हती, हेही सांगावे. पण चौकट द्यावी.

६. समोरची मोठी खोली, तिच्यातला फळा आणि सतरंज्या, एक स्टीलचे ताट व एक डाव यांसह, वर उल्लेख केलेल्या संगीता भाऊसिंग राठोड यांना कायमची द्यावी. प्रसेनजितला तिथे मोबाइलचे दुकान भाड्याने ठेवायचे आहे. ठेवता येणार नाही.

कारण लिहिते. मी निवृत्त झाले त्या वर्षी या खोलीत फुकट इंग्रजीचा वर्ग सुरू केला. त्याच वर्षी संगीता नवऱ्याचे घर सोडून माहेरी आली, शाळेत खिचडी शिजवायला लागली आणि मुलगी राखी हिला माझ्या वर्गात घेऊन आली. मुलगी आत बसायची, ही उंबऱ्याशी. शब्दातला जोर पोरांना काही केल्या ऐकू येत नव्हता. एक दिवस उंबऱ्यावरून ही म्हणाली, "बाई, पोट्टे खिचडीच्या आवाजाले धावतात. त्याच आवाजानं शिकवा ना." दुसऱ्या दिवशी ती ताट आणि डाव घेऊन आली. शब्द म्हणायचा आणि जोर पडेल तिथे ताटावर डाव हाणायचा. शेवटी वाजला तर अक्षर दोन. आठ दिवसांत पोरांना आले. पहिल्या दिवशी दोनचार पोरे ताटल्या घेऊन पळत आली होती, ती गोष्ट वेगळी. पुढे संगीता उंबऱ्यावरून आत सरकली. २०१९ साली बाहेरून बसून दहावी पास झाली. माझे गुडघे गेल्यापासून वर्ग तीच चालवते. माझ्या पद्धतीचे कौतुक करायला जे येतात त्यांनी लिहून घ्यावे की पद्धत तिची आहे.

पण खोली मी याचसाठी देत नाही. अठ्ठ्याण्णव साली जगदेवराव मला आणखी एक वाक्य बोलले होते. ते मी इंद्रभानलाही कधी सांगितले नाही. ते म्हणाले होते, "त्या तांड्यावरच्या पोरीले बी देऊन टाका ना एक. दोघंही पास. कटकटच नाई."

मी दिला नाही. नियम म्हणजे नियम, असे मी म्हटले. खरे कारण नियम नव्हते. एकाच गुणांवर अध्यक्षाचा मुलगा पास आणि मजुराची मुलगी नापास, हे मला तक्रारीत दाखवायचे होते. संगीताला गुण दिला असता तर तक्रारीत काय उरले असते? मला नापास संगीता हवी होती. निकालाच्या दिवशी तिची आई सोनीबाई शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, त्या पोराले भेटला ना एक, मंग माया पोरीले काहून नाई?" मी तिला व्यंजनाचा नियम समजावून सांगितला. मजुरी पाडून आलेल्या बाईला! त्याच उन्हाळ्यात पंधरा वर्षांच्या संगीताचे लग्न लावून दिले. ती आजही म्हणते की माहीच अक्कल कमी होती. मी तेरा वर्षे ते ऐकून घेतले आणि एकदाही खोडून काढले नाही. जगावर मी आयुष्यभर चिडले. त्यातला मोठा वाटा माझ्याच नावे निघतो, आणि तो मी कोणाला देऊ शकत नाही.

७. संगीताची उत्तरपत्रिका तिला माझ्या पश्चात द्यावी.

इथपर्यंतचा मजकूर काल लिहून झाला होता. पुढचा आज वाढवत आहे. वकीलसाहेब नको म्हणाले. मी ऐकले नाही.

आज सह्यांसाठी वकीलसाहेब आले. साक्षीदार म्हणून शेजारचे देवमनभाऊ आणि माझा जुना विद्यार्थी संघदीप आले. संगीताही आली. तिला वाटले, तिलाही सहीला बोलावले आहे. ती इस्त्रीचे लुगडे नेसून, स्वतःचा पेन घेऊन आली होती. वकीलसाहेब म्हणाले, "तुमची सही नको."

"काहून नको? लिहिता येते मले, साहेब. दहावी पास हाव मी."

ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये, म्हणून नको, एवढेच सांगून मला सुटता आले असते. बाकीचे माझ्यामागे तिने वाचले असते. मेलेल्या माणसाला माफी मागणे सोपे जाते, समोरचा काही बोलू शकत नाही. मला माझीच चीड आली. मी कागद तिच्या हातात दिले आणि कलम सहा वाच म्हटले.

तिने दोनदा वाचले. मग कागद खाली ठेवला.

"थे म्हणे द्या, न तुमी नाई देल्ला?"

"नाही दिला."

"न मी इतके सालं समजून राह्यली का माहीच अक्कल कमी हाये."

मी म्हटले, संगीता, खोली तुझी आहे, आजपासूनच घे. ती म्हणाली, "खोलीचं मंग पाहू. आधी माहा मार्क द्या."

वकीलसाहेब हसत म्हणाले की आता त्या गुणाचा काय उपयोग. मी त्यांना गप्प बसवले. कपाटातून पिवळी पडलेली उत्तरपत्रिका काढली. ते दोन शब्द तसेच होते, चुकलेले. त्यांना मी हात लावला नाही. आजही कोणी तसे लिहिले तर मी अर्धा अर्धा गुण कापेन. खाली लाल शाईने लिहिले: परीक्षकाच्या चुकीबद्दल एक गुण. एकूण पस्तीस. उत्तीर्ण. सही केली, तारीख टाकली.

"आजची तारीख काहून टाकली?" तिने विचारले.

"आज दिला म्हणून. मागची टाकली तर मी आणि जगदेवराव सारखेच."

तिने उत्तरपत्रिकेची घडी घातली. "माय बसली हाये घरी. तिले दाखवून येतो," एवढेच म्हणाली. मला माफ केले असे ती म्हणाली नाही, आणि मी विचारले नाही. खोली घेणार की नाही हेही तिने सांगितलेले नाही. कलम सहा तरीही कायम आहे. कलम सात आज माझ्या हाताने पुरे झाले. जाण्याआधी मी तिला थांबवले आणि याच कागदावर, अगदी खाली, तिच्याच पेनाने सही करायला लावली. वकीलसाहेब म्हणाले, या सहीला कायद्यात काही अर्थ नाही. नसू दे.

ठिकाण: मालेगाव, जिल्हा वाशीम
दिनांक: ११ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: सही, वच्छला इंद्रभान पडघान

आमच्या समक्ष बाईंनी सही केली आणि बाईंच्या समक्ष आम्ही केली:
१. सही, देवमन किसन अंभोरे, सेवानिवृत्त पोस्टमन, मालेगाव
२. सही, संघदीप उत्तम खिल्लारे, शिक्षक, मालेगाव

साक्षीदार म्हणून नव्हे, उत्तरपत्रिका मिळाल्याबद्दल:
सही, संगीता भाऊसिंग राठोड, इयत्ता नववी, तुकडी ब. पास.