तिसरी रेघ

४ नोव्हेंबर
नोकरीचा पहिला दिवस, आणि मला चक्क खिडकीजवळची खुर्ची! खाली मशीनचा हॉल, वर काचेची खोली, तिथे मी. काम आवडीचं. बाटलीच्या साच्याचं चित्र पडद्यावर उघडायचं, कोरायच्या भागाच्या दोन कडांना दोन रेघा आखायच्या, की सॉफ्टवेअर त्यांच्या वळणाने कटरचा, म्हणजे खालच्या मशीनमधल्या गरगर फिरणाऱ्या टोकदार पात्याचा, मार्ग काढतं. विंचरलेल्या केसांसारख्या ओळी! आधीची मुलगी का सोडून गेली विचारलं, तर सुपरवायझर म्हणाले, कामाशी काम ठेवा. मशीनवर त्यांचे मेहुणे असतात. ते म्हणाले, वर बसून रेघोट्या मारणाऱ्या खूप पाहिल्या, हात आमचे तुटतात. असो. नव्या माणसाला दोन बोल ऐकावेच लागतात. ताईला फोनवर सांगितलं, मजेत आहे.

६ नोव्हेंबर
फाइलमध्ये तिसरी रेघ आहे. मी आखलेली नाही. ज्यात साचा कोरायचा त्या लोखंडी ठोकळ्याच्या बाहेर, हवेतच. पुसली. जेवून आले तर पुन्हा तिथेच. सुपरवायझरांना दाखवली. आपली चूक झाकायला भुताच्या गोष्टी सांगू नका, असं सगळ्यांदेखत म्हणाले. हॉलभर हशा.

७ नोव्हेंबर
रेघ मोजली. मशीनच्या दोन फूट पुढे, जमिनीपासून पाच फूट वर, वाटोळी. तिथे कटर पोचूच शकत नाही. तिथे मेहुणे उभे राहतात. खाली धावत गेले, हात जोडून सांगितलं, आज मशीन लावू नका. त्यांनी माझ्या पायाशी थुंकून बटण दाबलं.

८ नोव्हेंबर
काल पुढचं लिहवलं नाही. मी जिना चढत असतानाच कटर तुटला. तुकडा मशीनच्या दाराची काच फोडून गेला. मेहुण्यांचा डोळा गेला. जखम वाटोळी, हुबेहूब त्या रेघेसारखी. सगळे म्हणतात, हिला आधीच ठाऊक होतं, हिनेच आखलं. दुपारी डबा उघडला तर आत लोखंडाचा कीस.

१० नोव्हेंबर
राजीनामा दिला. सुपरवायझरांनी फाडला. चौकशी संपेपर्यंत रोज यायचं, नाहीतर पोलिसांत नाव देतो म्हणाले.
नवी रेघ आलीय. मशीनपासून निघते, जिना चढते, या खोलीत येते. माझ्या खुर्चीभोवती वळसा.

११ नोव्हेंबर
खुर्ची हलवली. रेघही हलली.
आधीच्या मुलीला फोन लावला. तिच्या आईने उचलला. तिला आता बोलता येत नाही म्हणाली. गळ्याला काहीतरी — रडायला लागली. फोन ठेवला.

१२ नोव्हेंबर
सकाळचे दहा. वळसा आवळलाय. मानेएवढा.
खोलीला बाहेरून कडी. कोणी घातली? ओरडले. हॉलमधले सगळे वर बघताहेत. सुपरवायझरांनी मान फिरवली.
मशीन बंद आहे, इथून दिसतंय. तरी कटरचा आवाज — जिन्यात —
पडद्यावर रेघेवरून कटरचा ठिपका सरकतोय. दाराशी आला. मी टेबलाखाली — रेघही टेबलाखाली —
आवाज थांबला.
मानेला काहीतरी गार. टोकदार. अजून फिरत नाही. अजून ना