मेन बंद केल्यावरही

सर,

आज शिवाजी पेठेतल्या एका तिमजली घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल बसवली. दुपारी इन्व्हर्टर सुरू झाला तेव्हा घरातली सगळी वर आली, फोटो काढले, मला चहा दिला आणि खाली गेली. मी एकटीच अवजारं गोळा करत राहिले. काम नीट झालं की कुणाला तरी फोन करावासा वाटतो. आई गेल्यापासून तसा नंबरच उरलेला नाही. तुम्हाला जाऊन तर बारा वर्षं झाली.

आयटीआयच्या वर्कशॉपच्या छतावर तुम्ही कुठून तरी मिळवलेली चार जुनी पॅनेल जोडली होती. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी, त्यामुळे सगळ्यांच्या आधी वर चढायची मला घाई. त्या दिवशी मी मेन बंद केला आणि बिनधास्त पॅनेलच्या वायरींना हात घातला. उघडी टोकं एकमेकांना लागली, मोठी ठिणगी उडाली, आणि तुम्ही मला दंडाला धरून मागं ओढलंत. सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "मेन बंद केलास, पन सूर्य कोन बंद करणार? ऊन हाय तवर तारंत करंट हाय. जमत नसंल तर घरला जा."

मी खरंच गेले. आजऱ्यात आईबरोबर काजूच्या कारखान्यात जाऊ लागले. आईनं कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारी तुम्ही एसटीनं आमच्या दारात आलात. मी बाहेर गेलेय, असं आईनं सांगितलं. तुम्ही आत आला नाहीत, उभ्यानंच पाणी प्यालात. म्हणालात, "तिला म्हणावं, मी रागावलो न्हवतो, भ्यालो होतो. उद्या प्रॅक्टिकल हाय."

सोमवारी मी आले. तुम्ही माझ्या हातात पक्कड दिलीत आणि सगळ्यांआधी मला वर पाठवलंत. पुढे त्या रविवारचा विषय आपण दोघांनीही काढला नाही. तुम्ही गेल्याचं मला दहा दिवसांनी कळलं. मी गगनबावड्याला कामावर होते.

आता पॅनेलवर जाड कापड टाकल्याशिवाय मी वायरीला हात लावत नाही. हे पत्र कुठं पाठवणार, पण एवढं लिहिते. त्या रविवारी मी घरातच होते, सर, दाराआड. तुम्ही स्टँडकडे चालू लागलात तेव्हा हाक ओठांवर आली होती. मारली नाही.