अजून थोडं वर

१२ मे

चि. चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला कोण विचारतं. बातमी अशी की परवाच्या भरतीला समुद्र थेट स्वयंपाकघरात आला, न विचारता! जाताना माझी एकच चप्पल घेऊन गेला. अगं, न्यायची तर जोडी तरी न्यावी! विहीर खारट झाली, प्यायचं पाणी होडीतून येतं. आपलं बेट आता ताटाएवढं उथळ राहिलंय. पण रडत बसायचं नाही. मी जॅकवाल्याला बोलावलंय. आपलं लाकडी घर तो खालून जॅक लावून उचलणार आणि उंच खांबांवर ठेवणार. शेजारची जाऊबाई हसते म्हणे. हसू दे. तिच्या वाळत घातलेल्या चादरींनी माझी खिडकी झाकून टाकली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, तुला ठाऊकच आहे. नातजावयांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

१९ मे

ती. आजीस शि. सा. न.

घर म्हणजे काय खुर्ची आहे उचलायला? आजी, अर्धी गल्ली बेट सोडून गेली. पाणी वाढलं, तू पडलीस, तर हाक कुणाला मारशील? या विचारानं मला झोप लागत नाही. पुढच्या रविवारी होडी घेऊन तुला कायमची न्यायला येते आहे. हट्ट केलास तर उचलून नेईन, तेही जॅकशिवाय. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी चिमणी

२५ मे

चि. चिमणीस, आशीर्वाद.

उचललं गं घर! जॅकवाला म्हणाला, आधी बाहेर या. मी म्हटलं, दूध तापायचंय, तू तुझं काम कर. घर करकरत वर निघालं, मी खिडकीत. जाऊबाईच्या चादरी खाली खाली जायला लागल्या, तशी मला अशी काय मजा वाटली म्हणून सांगू! मी आपली ओरडतेय, अजून थोडं, अजून थोडं. तो बिचारा जॅक फिरवत राहिला. समुद्र दिसला तेव्हा कुठे थांबवलं. मग कळलं, गवंड्यानं पायऱ्या आधीच बांधून ठेवल्यात, त्याही ठरलेल्या उंचीच्या. उंबऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. मी वर, सगळे खाली. जॅकवाला डोकं धरून बसला.

तेवढ्यात भरती आली. जाऊबाई शिडी घेऊन धावली. मला वाटलं, मला उतरवायला आली. कसली! तिच्या घरात पाणी शिरलं होतं. डोक्यावर गादी घेऊन स्वतःच वर चढली, ती इथेच आहे. माझ्या खाटेला लागूनच निजते, घोरते, आणि हाक मारली की लगेच ओ देते. तेव्हा तुझी ती काळजी मिटली. दिवसभर आमचं भांडण चालतं, इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं आहे ना.

समुद्र इथवरही येईल, जॅकवाला लपवत नाही. नव्या उंबऱ्याला पाणी लागलं की मी आपणहून तुझ्याकडे येईन, जाऊबाईलाही घेऊन, हा शब्द. तोवर रविवारी जरूर ये. पण न्यायला नको गं, राहायला ये. आहे तशीच माया राहू दे.

तुझी उंचावरची आजी