मळा मुलाला, भट्टी मुलीला

मी, खाली सही करणारी, कॉफीच्या या मळ्याची मालकीण, हे माझ्या मर्जीने लिहून ठेवते आहे. गुडघे कुरकुरतात, कान अधूनमधून संप करतात, पण डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावा.

१. माझी मालमत्ता दोन देशांत आहे. सीमेच्या अलीकडे मळा, वाळवणीचं अंगण आणि हे घर. पलीकडे, समुद्रकाठच्या शहरात, यजमानांनी उभारलेली कॉफी भाजायची भट्टी आणि तिच्यापुढचं दुकान. आमचा संसारही असाच वाटलेला होता. तोडणीला ते इकडे येत, तोडणी आटोपली की मी तिकडे जाई. लोक हळहळत. आम्हाला मात्र भांडायला वेळच मिळत नसे. ते गेल्यापासून भट्टी मुलगा बघतो, मळा मुलगी.

२. हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. कारण लिहून ठेवते, म्हणजे नातवंडांच्या कानावर भलतंसलतं जाणार नाही. भट्टीवर भाजलेल्या मालाची चव मुलगी इथे घेते, मुलगा तिथे. ती म्हणाली, "आंबटसर लागतेय, जरा जास्त भाज." तो म्हणाला, "कुठे आंबट? अजून भाजलं तर कोळसा होईल." शब्दाने शब्द वाढला. तिने त्याच्या जिभेला नावं ठेवली, त्याने तिच्या वाळवणीला. मी एकाच पुडीतली कॉफी दोन्ही घरी करून प्यायले. दोघंही खरं बोलत होते. मळा उंच डोंगरावर आहे. इथे पाणी पुरतं तापण्याआधीच उकळतं आणि कॉफी आंबट उतरते. खाली तसं होत नाही. हे दोघांना समजावलं, दोघांना पटलंही. पण आधी फोन कोणी करायचा, यावर घोडं अडलं. आता तो दुसरीकडून बिया घ्यायच्या गोष्टी करतो, ती दुसऱ्याला विकायच्या. असं झालं, तर आम्ही उभं केलेलं काहीच उरणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

३. म्हणून मळा, घरासकट, मुलाला देते. भट्टी आणि दुकान मुलीला. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, उलटं सांगताय तुम्ही." मी म्हटलं, "तसंच लिहा." कामं आहेत तशीच राहतील. ती त्याच्या जमिनीवर राबेल, तो तिच्या भट्टीवर. काहीही विकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतील, आणि त्या एकाच टेबलाशी बसून करायच्या.

४. बँकेतली ठेव मजुरांच्या खोल्यांच्या छपरांवर खर्च व्हावी. रंगरंगोटीवर नाही, छपरांवर.

५. चव बघायला बिया भाजायचा लोखंडी तवा सुनेला. दोन्हीकडचे निरोप तिनेच पोचवले आणि त्यातल्या शिव्या वाटेत गाळल्या. वजनकाटा दिरांना देऊ नये. मागायला येतील. यजमान गेले त्याच आठवड्यात "बाईमाणसाला मळा झेपायचा नाही" म्हणाले होते. त्यांना चहा पाजून वाटेला लावावं. कॉफी नको.

६. काल हे सगळं मुलीला वाचून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. "आई, इतकी वर्षं मी इथे खपले आणि मळा दादाला? उद्या त्याने मला हाकललं तर?"

"तर तू त्याची भट्टी बंद कर."

ती सुपातल्या बिया उगीच निवडत राहिली. मग म्हणाली, "त्याला विचार ना, पोती कधी पाठवू."

"तूच विचार."

मग मुलाला फोनवर सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "ती काय म्हणाली?"

"तिलाच विचार," म्हटलं आणि फोन ठेवला. पोटची पोरं आहेत, जीव तुटतो. पण मधे पडायचं मी आता सोडलं आहे.

दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला फोन केला, तर हा कागद मी माझ्या हाताने फाडेन आणि ज्याचं त्याला देऊन मोकळी होईन. आज सकाळपर्यंत कोणी केलेला नाही. म्हणून सही करते आहे.

सही: मळ्याची मालकीण
साक्षीदार: १. पोती शिवणाऱ्या बाई २. सीमेपलीकडे माल नेणारे ट्रकवाले
ठिकाण: मळ्यावरचं स्वयंपाकघर
दिनांक: तोडणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी