जिन्याचं काम घरच्या घरी

५ तारीख, बुधवार
जिन्याला कार्पेट लावायचं ठरलं. मीच लावणार. सौ. म्हणाली, कार्पेटवाला बोलवा. मी हसलो. लाकडावर कापड ठोकायला माणूस बोलवायचा, मग उद्या शर्टाचं बटण लावायलाही बोलवा. सौ. म्हणाली, बटणं मी लावते.

कारण लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात बाबा जिन्यावरून घसरले. हाड शाबूत, पण धसका घेतलाय. तेव्हापासून वरच्या खोलीतून खाली उतरलेले नाहीत. रविवारी आत्या येणार. ती दुसऱ्या देशात, मुलाकडे कायमची निघालीये. त्याआधी भावाला एकदा भेटायचंय. तिचे गुडघे गेलेत, तिला वर चढवत नाही. म्हणजे बाबांनाच खाली यायला हवं. मी आत्याला फोनवर शब्द दिलाय: रविवारी तू आणि बाबा खाली शेजारी बसून चहा घ्याल.

(पायऱ्यांना पॉलिश मी केलं होतं. त्यामुळे बाबा घसरले असं घरात बोललं जातं. पॉलिश झकास झालं होतं, हे कुणी बोलत नाही.)

६ तारीख, गुरुवार
माप घेतलं. प्रत्येक पायरीवर आपण पाय ठेवतो तेवढी जागा मोजली, बेरीज केली. दुकानदार म्हणाला, साहेब, एवढंसं? पुन्हा एकदा मोजून बघता का? जास्त माल गळ्यात मारायची युक्ती. बधलो नाही. हिरव्या रंगाचा शेवटचा तुकडा मिळाला. नशीब लागतं.

सोबत खिळ्यांच्या पट्ट्या. लाकडी पट्टी, तिच्यातून बारीक खिळ्यांची टोकं वर आलेली. पट्टी पायरीला ठोकायची, कार्पेट टोकांत अडकतं. दुकानदाराच्या मते पायरीच्या आतल्या कोपऱ्यात एक पुरते. एक पट्टी भित्र्या माणसांसाठी. चौपट घेतल्या.

७ तारीख, शुक्रवार
ऑफिसमुळे काम सुरू करता आलं नाही. ऑफिसातून आल्यावर चहामुळे. कार्पेटची गुंडाळी मात्र वर नेऊन ठेवली. बाबांनी विचारलं, काय इंजिनियर, पडायच्या जागेवर आता गादी घालताय का? मी विमा कंपनीत आहे. ते लाडाने इंजिनियर म्हणतात.

८ तारीख, शनिवार, सकाळ
जोरदार सुरुवात. खालून वर जातोय. इमारतसुद्धा खालूनच वर बांधतात. पायरीभर पट्ट्या, शिवाय खाली डिंक. पुन्हा निघता कामा नये. सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं, अहो, मग खाली कसे येणार? बायकांना मधलाच टप्पा दिसतो.

दुपार
सगळ्या पायऱ्या झाल्या. वरच्या टोकाला उभा राहून बघितलं. पाय टेकायला कुठे जागा नाही. इतकं भरगच्च काम. आता वरून कार्पेट सोडत जायचं, की मी आपोआप खाली.

संध्याकाळ
कार्पेट अर्ध्या जिन्यावर संपलं.

पायऱ्यांना उभी बाजूही असते. ती मोजायची असते हे दुकानदाराने स्पष्ट सांगायला हवं होतं. सौ.ने दुकानात फोन केला. तो रंग आता येणार नाही. पक्कड घेऊन पट्टी उपटायला गेलो तर पायरीचं लाकूडच निघून आलं. डिंक उत्तम आहे.

जेवण बादलीतून आलं. जिन्याच्या कठड्याला दोरी बांधली, ही कल्पना माझी. बाबांनी सूप पिता पिता विचारलं, उद्या आत्याला बादलीतून वर घ्यायचं की मला खाली सोडायचं? मी म्हटलं, बघू. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

९ तारीख, रविवार
आत्या आली. सौ.ने जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची दिली. बाबा वर, कठडा धरून. आत्या ओरडली, दादा, किती वाळलास रे! बाबा ओरडले, तुला तिथून काय दिसतंय, आधी चष्मा बदल! मग तब्येती, औषधं, आईची आठवण, सगळं ओरडून. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, तसं पाहिलं तर भेट झालीच की.

थोड्या वेळाने आत्या म्हणाली, निघते दादा, टॅक्सी थांबलीये. आवाज चढवला नव्हता, तरी वर ऐकू आलं. बाबा मला म्हणाले, कॉटखालचे माझे कारखान्यातले बूट काढ. जाड तळाचे, जुने. मी म्हटलं, बाबा, धोका आहे. ते म्हणाले, तुझ्याहून?

कार्पेटवरून बसत बसत उतरले. (तिथे एकदा थोडे घसरले. कार्पेट अजून ताणायचं होतं.) ते संपतं तिथे बसून बूट चढवले, कठडा धरला, खिळ्यांवर पाय ठेवला. कर्रर्र. बूट घट्ट. दुसरा पाय. कर्रर्र. मग खालून बाबांचा आवाज आला, अगं, हे धरतं! काय सुरेख धरतं!

दोघं शेजारी बसून चहा प्यायली. टॅक्सी ताटकळली. मी दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला, याची घरात नोंद झाली नाही. माझा चहा बादलीतून आला. गार.

१० तारीख, सोमवार
बाबा आत्याकडे गेले, ती निघेपर्यंत तिच्याच घरी राहणार. बूट घालूनच गेले. घरात तसले दुसरे बूट नाहीत. मी चपलांनी प्रयत्न केला. एक पायरी. सौ.ने बादलीतून मलम पाठवलं.

ऑफिसला फोन करून रजा मागितली. साहेबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, घरात अडकलोय.

सौ.ने कार्पेटवाल्याला बोलावलं. त्याने दारातूनच जिना न्याहाळला. मग विचारलं, बाई, हे केलं कुणी? सौ. म्हणाली, आधीच्या भाडेकरूने. तो म्हणाला, पायऱ्याच बदलाव्या लागतील, गुरुवारी येतो. आणि जाता जाता सहज विचारलं, कुठे गेला तो भाडेकरू?

सौ. म्हणाली, वरच राहतो.