घरी बसून भरलेला तक्ता

सेक्टर ३४, नोएडा
मंगळवार, २६ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. अरुणा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईंनी वॉकर धरून दहा पावलं टाकली हे ऐकून फार बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि घाई करू नका असंही सांग. हाडाला आपली घाई कळत नाही. इकडे थंडी पडायला लागली. अविनाशने रजया काढून रविवारी गच्चीत उन्हात टाकल्या. सिलिंडर शनिवारी आला. तू दिवाळीत केलेल्या चिवड्याचा डबा रिकामा झाला आहे. तो रिकामा कोणी केला याची चौकशी होऊ नये, ही नम्र विनंती.

अविनाशला त्याची नवी कंपनी नवाच्या आत सोडत नाही. आम्ही सरकारी नोकरीत साडेपाचला छत्री उचलत होतो, तेव्हा ही मुलं आम्हाला हसायची. आता पगार भरपूर आहे आणि मुलीचं तोंड रविवारी दिसतं. असो. तो काही वाईट नाही, दमतो बिचारा.

इशिताच्या वेण्या मी घालतो. पहिल्या दिवशी एक वेणी कानामागे आणि एक मानेवर अशी गत झाली होती, बसमधल्या मुली हसल्या म्हणे. आता जमतं.

तू म्हणशील, परवाच फोनवर एवढं बोलणं झालं, मग बाबांना पत्र लिहायचं काय सुचलं? फोनवर सांगायचं म्हणून मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा तुझ्या आईंची तब्येत विचारली. म्हणून लिहितो आहे, आणि स्पीड पोस्टाने टाकतो आहे. पुढच्या मंगळवारी तू परिसंवादात इशिताचा तक्ता नमुना म्हणून दाखवणार आहेस. तो दाखवू नकोस. हे पत्र त्याआधी तुझ्या हाती पडू दे, एवढीच माझी प्रार्थना आहे.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

पुण्याला आईंकडे निघायच्या दिवशी तू जेवणाच्या टेबलावर ते तक्ते पसरलेस. दुपारी दोनपासून नऊपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. टीव्हीला लाल, मैदानावरच्या खेळाला हिरवा, वाचनाला निळा, अभ्यासाला पिवळा. जानेवारीपासून चाळीस घरांतून हे भरून घ्यायचे, म्हणजे मुलं पडद्यापुढे किती बसतात आणि त्यात खेळणं किती बुडतं ते कळेल. त्याआधी चाचणी म्हणून आपलं घर. मी म्हणालो होतो, स्वतःचं घर नमुन्यात घेऊ नये. तू हसून म्हणालीस, "बाबा, तुमच्याइतका भरवशाचा माणूस मला कुठे मिळणार?"

चौतीस वर्षं मी आकडेवारीच्या खात्यात काढली, तेव्हा त्या बोलण्याने मी फुगलो, हे कबूल करतो.

तू गेल्यावर पहिल्या दिवशी इशिता दोनला शाळेतून आली. टीव्ही चालू होता. बातम्या, मग कसलीशी जुनी मॅच, मग बातम्या. ती जेवली आणि माझ्याशेजारी सोफ्यावर येऊन बसली. पाचला खालून मुलांनी हाका मारल्या, "इशिता, नीचे आ!" मी म्हणालो, "जा गं." ती म्हणाली, "मन नाहीये." नऊ वाजता तक्ता भरायला बसलो, तर सात चौकोन लाल निघाले. साडेतीन तास! केबल घेतली तेव्हा तू नको म्हणाली होतीस. वर्ल्ड कपपुरती, एक महिना, असं मी वचन दिलं होतं. तो वर्ल्ड कप मार्चमध्ये संपला. पाळणाघरातही तिला तू माझ्याच भरवशावर घातलं नाहीस. "मी आहे ना," असं छातीवर हात मारून मीच म्हणालो होतो. ते सात चौकोन तुला दाखवायची मला लाज वाटली.

मी तीनच रंगवले. म्हटलं, आजचा दिवस अपवाद, उद्या भरून काढू.

उद्याही तेच झालं. मग मोकळ्या राहिलेल्या चौकोनांत काहीतरी घालायला हवं ना? मी हिरवी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, लगोरी. दुसऱ्या दिवशी विटीदांडू. तिसऱ्या दिवशी लपंडाव. ते रंगवताना मला मजा वाटू लागली, अरुणा. वाईच्या घाटावर आम्ही कसे खेळायचो, कोण रडीचा डाव खेळायचा, ते सगळं आठवत गेलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात मी झकास वर्णनं लिहिली. पहिल्या आठवड्याचा तक्ता पाठवला तेव्हा तू फोनवर केवढी खूष झालीस! "बाबा, दिल्लीतली मुलं अजून लगोरी खेळतात, मला खरंच वाटत नव्हतं."

खरं वाटत नव्हतं तेच बरोबर होतं. इथली मुलं त्याला पिट्ठू म्हणतात. आपल्या इशिताला लगोरी हा शब्दच माहीत नव्हता. तू पुण्याची, म्हणून फसलीस. खालच्या मजल्यावरच्या कुणा दिल्लीवालीला तो कागद दाखवला असतास, तर तिने मला दोन मिनिटांत पकडलं असतं.

नोकरीत असताना असले फॉर्म पकडणं हेच माझं काम होतं. गुणवंत नावाचा आमचा एक पाहणी करणारा होता, कर्नालच्या बाजूला. शंभर घरांच्या खर्चाची माहिती त्याने एकाही घरात न जाता भरली होती. आकडे फार गुळगुळीत होते, एकही दिवस वाईट गेलेला नाही, यावरून मी ओळखलं. लाल शाईने वर लिहिलं, 'घरी बसून भरलेले'. त्याची बढती गेली. बायको आजारी होती, तिला एकटं सोडून जाता येत नव्हतं, असं तो सांगत होता. मी म्हणालो, कारणं सांगू नका. आता कुंपणानेच शेत खाल्लं आहे, आणि मलाही कारण सांगायचं आहे.

पण त्याआधी सगळ्यात वाईट ते सांगतो. इशिता माझ्याशेजारी बसून बघत होती. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, "आबा, हा बॉक्स तर रेड हवा ना? आपण तर टीव्ही बघितला." मी म्हणालो, "आईला तिकडे काळजी नको. आपलं गुपित." ती "अच्छा" म्हणाली. रविवारी फोनवर तू तिला विचारलंस, काय काय खेळलीस? तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आणि ती म्हणाली, "लगोरी." इतक्या सहज, की अविनाशने वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही.

आठ वर्षांच्या मुलीला खोटं बोलायला मी शिकवलं. तुझ्या संशोधनाचं नुकसान भरून निघेल, ह्याचं कसं भरून काढू ते मला कळत नाही.

काल सकाळी ती शाळेला निघण्याआधी पेन्सिलीला टोक करून ठेवावं म्हणून मी तिचं दप्तर उघडलं. चित्रकलेच्या वहीत एक कागद मिळाला. तिने तुझा तक्ता पट्टीने आखून उतरवला होता. रोजचा, पहिल्या दिवसापासून, खरा. त्यात दोन ओळी होत्या. वर 'मी', खाली 'आबा'. तिच्या ओळीत सगळे लाल चौकोन, जसे होते तसे. माझ्या ओळीत मात्र लाल नव्हतंच. सगळे चौकोन काळे.

शाळेतून आल्यावर तिला विचारलं. आधी घाबरली, मला रागावणार का म्हणून. मी म्हणालो, "नाही गं, फक्त सांग, माझे काळे का?"

"कारण आबा, तुम्ही टीव्ही बघतच नाही. टीव्ही चालू असतो. तुम्ही आजीच्या खुर्चीकडे बघता."

"आणि तू?"

"मी टीव्ही बघते. थोडा बोर होतो. पण मी खाली गेले तर तुम्ही अकेले होणार ना."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो.

आता ते कारण. हे मी अविनाशलाही कधी सांगितलेलं नाही. सकाळी साडेआठला तुम्ही तिघं बाहेर पडता आणि दार लागतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दार लागत नसे. कोणी साखर मागायला येई, कोणी पेपर न्यायला, आणि कोणी आलं नाही तर इंदुमतीची बडबड होतीच. इथे समोरच्या फ्लॅटवाल्यांचं नाव मला पाटीवरून माहीत आहे. इंदुमती गेली, त्याला येत्या माघात दोन वर्षं होतील. दार लागलं की मी टीव्ही लावतो. काय लागलं आहे ते बघत नाही. घरात कोणाचा तरी आवाज हवा म्हणून लावतो. मला फार एकटं वाटतं, अरुणा. हे वाक्य लिहायला मला चार पानं लागली.

तू शोधते आहेस की टीव्ही मुलांना खेळापासून ओढून नेतो का. नेत असेल, चाळीस घरं काय ते सांगतील. पण आपल्या घरात तिला टीव्हीने धरून ठेवलेलं नव्हतं. मी धरून ठेवलं होतं. आणि हे तुझ्या तक्त्यात कुठेच आलं नसतं, मी खरे चौकोन रंगवले असते तरीसुद्धा. सात लाल दिसले असते आणि तू लिहिलं असतंस की मुलीला टीव्हीचं वेड आहे. तेव्हा म्हाताऱ्याची एक सूचना ऐक: त्यात आणखी एक ओळ घाल. त्या वेळी घरात दुसरं कोण होतं, आणि ते काय करत होतं. ही कल्पना माझी नाही, तुझ्या लेकीची आहे. तिचं नाव घाल.

सोबत दोन कागद ठेवतो आहे. एक माझा, दुसऱ्या आठवड्याचा. त्यावर मी लाल शाईने शेरा मारला आहे, तो कोणता हे सांगायला नको. दुसरा तिचा. तो तिला विचारून घेतला आहे. पहिल्या आठवड्याचा माझा कागद तुझ्याकडे आहेच, तो फाडून टाक, किंवा नको, जपून ठेव; चाळीस घरांत जाणाऱ्या तुझ्या मुलींना दाखवायला उपयोगी पडेल, की खोटा तक्ता किती छान दिसतो. परिसंवादात काय बोलायचं ते तू ठरव. नमुना मोडला असं सांगावं लागलं, तर सासऱ्याने मोडला असं खुशाल सांग. संतापलीस तरी माझ्यावर संताप, तिच्यावर नाही.

काल साडेपाचला हाका आल्या तेव्हा मी चपला घातल्या. मागच्या बाजूला नवीन टॉवरचं काम चालू आहे, तिथे फुटक्या फरशांचा ढीग पडला आहे. सात तुकडे निवडले. असली सपाट लगोरी वाईत कधी मिळाली नव्हती. मुलं म्हणाली, "अंकल, आप भी?" माझा नेम तीनदा चुकला, चौथ्यांदा लागला, आणि गुडघा आज सकाळपासून बोलतो आहे. इशिता पडली, खरचटलं, थोडी रडली, परत पळाली. घरी येऊन तिने कार्टून लावा म्हटलं. लावलं. एक तास बघितलं आम्ही. म्हणजे दोन चौकोन लाल आणि दोन हिरवे, आणि हे मात्र खरे आहेत. रोज जमेल असं वचन देत नाही. माझ्या वचनांचं काय होतं ते केबलच्या बाबतीत तू पाहिलंस.

आता सकाळचे अकरा वाजले आहेत. टीव्ही बंद आहे. शेजारी कोणीतरी कणीक आपटते आहे, तिचा आवाज इथवर येतो, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

एक काम कर. या रविवारी फोन करशील, तेव्हा आधी इशिताला माग आणि मागच्यासारखंच विचार, काय काय खेळलीस म्हणून. ती काय सांगेल ते मला माहीत नाही. मी तिला काही पढवलेलं नाही. फोन तिच्या हाती देऊन मी गॅलरीत जाईन आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहीन, म्हणजे उत्तर देताना तिला माझ्याकडे बघावं लागणार नाही.

तुझा अपराधी, आणि तरीही तुझाच,
बाबा