प्यादं एकच घर

परभणी,
१५ जानेवारी १९७६

तीर्थरूप दादा आणि आई यांना सूर्यभानचा जय भीम.

मी इथे खुशाल आहे. आईचा खोकला थांबला का? रुख्मिणी, पत्र तूच वाचून दाखवत असशील, तुझ्या परीक्षेचंही कळव.

साखळी स्पर्धेतला रविवारचा डाव मी जिंकला. आमच्या कचेरीचा संघ आता पहिला आहे. दादा, तुम्ही मधूनच निघून गेलात, म्हणून कळवतो.

नाही, खरं लिहितो. इथल्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं. हे मला चार वर्षांपासून ठाऊक आहे. दिवाळीत तुम्ही विचारलंत, "आपलाच खेळ हाय ना?" मी हो म्हणालो. तुम्ही बाभळीच्या लाकडाची मोहरी कोरून मला खेळ शिकवला. तो इथे चालत नाही, हे सांगायला जीभ रेटेना.

म्हणून तुम्ही राणीसावरगावाहून एसटीनं, धुतलेलं धोतर नेसून आलात. समोरच्यानं पहिलंच प्यादं दोन घरं सरकवलं आणि तुम्ही उभं राहून ओरडलात, "ओ, प्यादं एकच घर चालतंय! बेमानी करायलाव का?"

सगळे हसले. आमचे कप्तान किशनराव मला म्हणाले, "कोण हो हे? तुमच्यापैकी?"

मी म्हणालो, "असेल गावाकडचं कुणी. मी ओळखत नाही."

तुम्ही ऐकलंत. चपला हातात घेऊन, आवाज न करता गेलात. रुख्मिणी, यातलं काही गाळून वाचू नकोस.

मग मी तुमचीच सुरुवात खेळलो, दादा. राजापुढचं प्यादं एकच घर. घाई नाही. समोरचा अंगावर आला आणि फसला. लोक विचारू लागले, कुठल्या पुस्तकातली सुरुवात? मी तेव्हाही तुमचं नाव घेतलं नाही. शेवटी पंचांनी निकालाच्या कागदावर पूर्ण नाव लिहायला सांगितलं. सूर्यभान लिहिलं आणि पुढे तुमचंच नाव लिहावं लागलं. मला माझी लाज वाटते.

काल सगळ्या संघासमोर सांगितलं, ते माझे वडील होते. किशनरावांनी मान खाली घातली. शेवटचा डाव येत्या रविवारी आहे. या म्हणायला तोंड नाही. तरी पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावणार आहे. तुम्ही नाही आलात, तरी तिच्यावर कुणाला बसू देणार नाही.

तुमचा मुलगा,
सूर्यभान तात्याराव वाघमारे